"नाटक करतोय" याला इंग्रजीत काय म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत मी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले सुपरवायझर, नर्सिंग करणाऱ्या मुली, मार्केट यार्डातले हिशेबनीस, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडणाऱ्या बायका असे सगळे येतात. प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच: दुखत नसताना दुखतंय म्हणणाऱ्याला, थोडं दुखत असताना गळा काढणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं? एका शब्दात उत्तर दिलं की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

"नाटकं करतोय" याला सगळ्यात साधं इंग्रजी कोणतं?

"ही इज पुटिंग इट ऑन." घरात, मित्रांत, कुठेही चालतं. 'पुट ऑन' म्हणजे अंगात कपडा घालणं. आपण सोंग घेतो किंवा आणतो, ते अंगावर चढवतात. लंगडण्याचं सोंग असेल तर "ही इज पुटिंग ऑन अ लिम्प". 'फेकिंग इट' त्याहून रोखठोक आहे, तो थेट खोटेपणाचा आरोप होतो.

"ही इज डूइंग ड्रामा" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. इथल्या इथे ते कळतं, पण परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलताना वापरू नका. त्याऐवजी "डोन्ट बी सो ड्रॅमॅटिक" म्हणा. प्रत्येक गोष्टीचा बाऊ करणाऱ्याला 'ड्रामा क्वीन' म्हणतात आणि पुरुषालाही ते लावतात.

'मिल्क इट' म्हणजे नक्की काय? दुधाचा काय संबंध?

हा वाक्प्रचार कोल्हापूरच्या माणसाला चटकन कळायला हवा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार थेट पेल्यात पडते, वर फेस येतो. धार संपत आली की काढणाऱ्याचा हात हलका होतो. तो थांबला नाही, ओढतच राहिला, तर म्हैस मागचा पाय उचलते. "मिल्किंग इट" म्हणजे धार आटल्यावरही ओढत राहणं.

दूध मुळात होतं, हे इथे विसरायचं नाही. पाय खरंच मुरगळला होता, चार दिवस खरंच टेकवत नव्हता. पण आता बरा होऊन पंधरवडा झाला आणि गडी अजून खाटेवर बसून पाण्याचा तांब्या मागतोय. त्याला "ही इज मिल्किंग दॅट अँकल" म्हणायचं. पूर्ण रूप "मिल्क इट फॉर ऑल इट्स वर्थ" असं आहे. मुळात काहीच झालं नसेल तर मात्र 'मिल्क' चुकीचं, तिथे 'पुट ऑन' किंवा 'फेक'. माझे विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच चुकतात, आणि ही चूक व्याकरणाची नाही. माणसाला दुखत होतं की नव्हतं, याबद्दल आपण भलतंच विधान करून बसतो.

आणि 'ले इट ऑन थिक'?

हे गवंडीकामातून आल्यासारखं वाटतं, कारण त्याचंच मोठं रूप "ले इट ऑन विथ अ ट्रॉवेल" असं आहे. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याची थापी. अर्धा इंच गिलावा पुरला असता तिथे दोन इंच चढवला. दुखणं थोडं आहे, वर्णन भरपूर आहे. आपण अशा वेळी स्वयंपाकघरात जातो आणि तिखटमीठ लावतो. लक्षात ठेवायची एकच गोष्ट: हे दोन्ही वाक्प्रचार खुशामतीलाही वापरतात, त्यामुळे संदर्भ स्पष्ट असू द्या.

'मॅलिंगर' हा शब्द ऑफिसच्या पत्रात वापरावा का?

नाही. कारण सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीतले सुपरवायझर माझ्याकडे एक अहवाल घेऊन आले. मुख्य कार्यालयाला इंग्रजीतून पाठवायचा होता. मराठीत वाक्य होतं, "सदर कामगार कंबर दुखते असे सांगून अंग चोरतो." मी त्याचं एका शब्दात इंग्रजी केलं: मॅलिंगरिंग. शब्द भारदस्त होता, नेमका वाटला, सुपरवायझरही खूश झाले. त्या माणसाला ताकीदपत्र गेलं आणि त्याचा ओव्हरटाइम बंद झाला.

पुढे त्याची मुलगी माझ्या वर्गात नाव घालायला आली आणि तोच माणूस तिच्यासोबत होता. मी खुर्ची पुढे केली. तो म्हणाला, "नको बाई, बसलं की उठवत नाही." बोलणं होईस्तोवर तो दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभा राहिला, एक टाच जमिनीपासून बोटभर वर. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती शिरेवर दाबली गेल्याचं निघालं होतं. ताकीदपत्रातलं इंग्रजी माझं आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी ते त्याला सांगितलं. तो फक्त म्हणाला, "तुम्हाला काय ठाऊक असणार."

चूक कुठे झाली ते बघा. 'अंग चोरणं' हे वागण्याबद्दल आहे. माणूस काम कमी करतो, एवढंच ते सांगतं. त्याला इंग्रजीत 'शर्क' म्हणतात, ब्रिटिश बोलीत 'स्काइव्ह'. 'मॅलिंगर' म्हणजे काम टाळण्यासाठी आजाराचं खोटं सोंग करणं. सुपरवायझरांनी केला नव्हता तो आरोप माझ्या भाषांतराने केला. 'अंग चोरतो' हे डोळ्यांनी दिसतं, मॅलिंगरिंग दिसत नाही. त्यासाठी माणसाच्या मनात आणि मणक्यात दोन्हीकडे शिरावं लागतं.

हा शब्द मुळात आला कुठून? सैन्यात वापरतात म्हणे?

फ्रेंचमध्ये 'मालँग्र' म्हणजे आजारी, रोडावलेला. इंग्रजीत क्रियापद म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला, आणि तो सैनिक आणि खलाशांच्या संदर्भात. म्हणून त्याला आजही शिस्तीचा वास आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी वर्गात हा प्रश्न विचारला होता आणि त्यांना उत्तर माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम ४६ खाली आजाराचं सोंग करणं, मुद्दाम आजार ओढवून घेणं किंवा बरं होणं लांबवणं हा गुन्हा आहे. लष्करी न्यायालयात तो सिद्ध झाला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जो शब्द माणसाला सात वर्षं आत घालू शकतो, तो कंबरदुखीच्या अहवालात अंदाजाने टाकायचा नसतो.

हायपोकॉन्ड्रिअ‍ॅक माणूस पण नाटकच करतो ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. हायपोकॉन्ड्रिअ‍ॅक माणसाला आपण आजारी आहोत असं खरंच वाटतं. त्याची भीती खरी असते, झोप खरी उडालेली असते. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग'. जुने वैद्य खिन्नतेचं मूळ तिथे मानत.

तिसरा प्रकार आणखी वेगळा. १९५१ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मंचाउझेन सिंड्रोमला नाव दिलं. हे रुग्ण लक्षणं बनवतात, दवाखान्यामागून दवाखाने हिंडतात, पण त्यात त्यांना पैसा किंवा सुट्टी मिळवायची नसते. रुग्ण म्हणून कोणीतरी आपल्याकडे बघावं, एवढीच भूक असते. नाव पडलं अठराव्या शतकातल्या एका जर्मन बॅरनवरून, ज्याच्या नावावर अचाट थापा खपवल्या गेल्या. हा मानसिक आजार मानला जातो. मॅलिंगरिंग मानलं जात नाही, कारण तिथे माणसाला बाहेरचा काहीतरी ठोस फायदा हवा असतो. तीन माणसं एकाच बाकावर एकसारखी कण्हत बसलेली असतील आणि तिघांसाठी शब्द तीन असतील.

'स्विंग द लेड' मधल्या 'लेड'चा उच्चार लीड का नाही?

कारण हे शिसं आहे. जहाजावरचा खलाशी पाण्याची खोली मोजायला शिशाचं वजन दोरीने सोडायचा. आळशी खलाशी ते नुसतंच झुलवत वेळ काढायचा आणि त्यावरून वाक्प्रचार आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण अभ्यासक तिच्यावर शंका घेतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सैनिकांच्या बोलीत तो पसरला. अर्थ: बहाणे करून काम टाळणं. आजकाल फक्त वयस्क ब्रिटिश माणसांच्या तोंडी सापडेल.

फुटबॉलमध्ये खेळाडू लागलेलं नसताना लोळतो, त्याला काय म्हणायचं?

बोलताना 'डाइव्ह'. नियमावलीतला शब्द 'सिम्युलेशन'. फुटबॉलच्या नियमांतल्या बाराव्या नियमात, जखमेचं सोंग करून किंवा फाउल झाल्याचं भासवून पंचाला फसवणं हे खिलाडूपणाला सोडून वागणं धरलं आहे आणि त्याला पिवळं कार्ड आहे.

शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एका सामन्यात मी कठड्याजवळ बसले होते. विंगला एक पोरगा पडला, गुडघा छातीशी घेऊन दोन गिरक्या खाल्ल्या आणि चेहऱ्यावर हात घेतला. बोटांच्या फटीतून त्याचा डोळा पंचाकडे लागला होता, तो मला स्पष्ट दिसला. शिट्टी वाजली नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ऊठ की भावा, चेंडू गेला!" आणि तो उठून पळायला लागला. आपल्याकडे याला 'रडीचा डाव' म्हणतात आणि मला हा शब्द 'सिम्युलेशन'पेक्षा फार मोठा वाटतो. त्यात पडणं, रडणं, हरल्यावर नियम उकरून काढणं, सगळं बसतं. इंग्रजीत एवढं सगळं सामावणारा एकच शब्द मला सापडलेला नाही.

'प्ले द व्हिक्टिम' आणि 'व्हिक्टिम कार्ड' यांत फरक काय?

फार नाही. 'कार्ड' पत्त्यांतून आलं: योग्य वेळी टाकलेलं हुकमाचं पान. 'सिम्पथी कार्ड'ही त्याच जातीचं. 'प्ले द व्हिक्टिम' म्हणजे अन्याय झालेल्याची भूमिका घेऊन वावरणं.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ 'कांगावा' आहे. बिंदू चौकात कोणीतरी उभ्या स्कूटरला धडक देतं आणि स्वतःच आधी आरडाओरडा सुरू करतं, तो कांगावा. चोराच्या उलट्या बोंबा. इंग्रजी वाक्प्रचारात चोर असायलाच हवा असं नाही, साधा रडतोंड्या माणूसही व्हिक्टिम 'प्ले' करू शकतो.

एक विनंती करते. ज्याच्यावर खरंच अन्याय झाला आहे, त्याचं तोंड बंद करायलाही हाच वाक्प्रचार सर्रास वापरला जातो. नवऱ्याचा मार खाणारी बाई बोलली, जातीवरून हिणवलेला मुलगा बोलला की लगेच "स्टॉप प्लेइंग द व्हिक्टिम". कोणी कोणाला म्हटलं ते आधी बघा.

"परवडत नाही, काही उरलं नाही" असं सतत म्हणणाऱ्यासाठी काही आहे का?

आहे: 'पुअर माउथ'. "ही इज ऑल्वेज पुअर-माउथिंग." हा मूळचा आयर्लंडकडचा. आयरिश भाषेत 'बेअल बोख्त', म्हणजे अक्षरशः गरीब तोंड. आपली म्हण सांगते की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. पैसा नसल्याचं सोंग मात्र आणता येतं आणि आयरिश लोकांनी त्याला नाव ठेवलं.

यार्डातल्या एका विद्यार्थ्याने हा वाक्प्रचार गूळ घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना लावला तेव्हा मी त्याला अडवलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्याचा ऊस पाण्याखाली गेला, त्याने "काही उरलं नाही" म्हटलं तर तो हिशेब सांगत असतो. 'सॉब स्टोरी'चंही तेच. सॉब म्हणजे हुंदका, पण 'सॉब स्टोरी' म्हटलं की ऐकणाऱ्याने गोष्ट खोटी ठरवून टाकलेली असते.

प्राण्यांवरून आलेले कोणते?

'क्राय वुल्फ' सोपा आहे, आपला 'लांडगा आला रे आला'. 'क्रॉकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू. मगर भक्ष्य खाताना रडते अशी युरोपात जुनी समजूत होती. सांगलीकडे कृष्णाकाठी मगरी बघणारी माणसं विचारतात की ते खरं आहे का. डोळ्यांत पाणी येतं हे खरं: २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका निरीक्षणात मगरीच्या कुळातल्या सातपैकी पाच प्राण्यांच्या डोळ्यांत खाताना पाणी आलेलं दिसलं. दुःखाशी त्याचा संबंध नाही.

'प्ले पॉसम' म्हणजे मेल्याचं किंवा झोपेचं सोंग. ओपोसम हा अमेरिकेतला प्राणी जिवावर बेतलं की निपचित पडतो. पण तो ते ठरवून करत नाही, त्याचं शरीरच बधिर होतं. त्या बिचाऱ्यावर सोंगाचा आळ उगाच आला.

"वो इज मी" हे व्याकरणात बसतं का?

बसतं, आणि मराठी माणसाला तर लगेच समजतं. इथला 'मी' हा कर्ता नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'मला' असा होता. म्हणजे "दुःख मला आहे". आपण "मला ताप आलाय" म्हणतो तीच घडण. आज हे वाक्य कोणी गंभीरपणे म्हणत नाही, रडगाणं गाणाऱ्याची नक्कल करायला वापरतात. कोणाच्या घरी मयत झाली असेल तर चुकूनही लिहू नका. 'पिटी पार्टी'ही तसाच: स्वतःचीच कीव करत बसण्याचा सोहळा.

घरातल्या माणसांसाठी काय काय आहे?

"राहू दे, मीच करते, मला कुठं काय होतंय" असं म्हणत भांडी आपटणं म्हणजे 'प्लेइंग द मार्टर'. याचं 'हुतात्मा' असं भाषांतर करू नका. आपल्याकडे तो शब्द स्वातंत्र्यासाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचा आहे. "मी मेल्यावर कळेल तुम्हाला" हा 'गिल्ट ट्रिप'. पुरुषाने साध्या सर्दीला अंथरूण धरलं की त्याच्या त्या दुखण्याला 'मॅन फ्लू' म्हणतात.

'वेपनाइज्ड इन्कॉम्पिटन्स' हा अलीकडे फार विचारला जातो. काम येत नसल्याचा बहाणा करून ते कायमचं दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं. मळ्यातल्या पार्टीला ४० माणसांचा तांबडा-पांढरा करणारा गडी घरी म्हणतो, "मला कुकर लावता येत नाही." मराठीत याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात.

पण 'लर्न्ड हेल्पलेसनेस' याच्याशी मिसळू नका. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून तो मांडला: सुटका होत नाही हे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर, पुढे सुटायची वाट उघडी असली तरी प्राणी हलत नाही. त्यात सोंग अजिबात नाही.

कुस्तीत पैलवान मुद्दाम कमजोर दिसतो, त्याला?

'सँडबॅगिंग'. यात्रेच्या मैदानात जोड लावताना एखादा खांदे पाडून, शर्ट न काढता, पेंगुळल्यासारखा उभा राहतो. हलकी जोड मिळाली की मग शड्डू ठोकतो. त्याला सहानुभूती नको असते, सोपा प्रतिस्पर्धी हवा असतो. हा शब्द पोकर आणि गोल्फमध्येही चालतो.

केसपेपरवर "कम्प्लेन्स ऑफ पेन" लिहितात. म्हणजे पेशंट कुरकुर करतो?

नर्सिंगच्या मुली हे नेहमी विचारतात. अजिबात नाही. 'कम्प्लेन ऑफ' म्हणजे त्रास होतो असं सांगणं. आपणही "पोटाच्या तक्रारी" म्हणतो. कुरकुरीला 'कम्प्लेन अबाउट', 'मोन' किंवा ब्रिटिश 'व्हिंज' आहे. एका अव्ययाने माणूस रुग्णाचा रडव्या होतो, सांभाळून लिहा.

याच्या उलट, दुखत असून लपवणाऱ्यासाठी?

"पुट ऑन अ ब्रेव्ह फेस." तेच 'पुट ऑन', फक्त उलट्या बाजूने. माझी आजी पंचगंगेच्या घाटावरून पाय घसरून आली तेव्हा हात सुजून दुप्पट झाला होता. विचारलं की म्हणायची, "कुठं काय, बरं हाय की." तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना परातीवर हात ठेवला आणि तिचे ओठ पांढरे पडले, तेव्हा आम्हाला कळलं. मनगट मोडलं होतं. मला जिथे सोंगासाठी वीस वाक्प्रचार माहीत आहेत, तिथे या सोंगासाठी मोजून चार-पाच येतात.

मला खरंच दुखतंय. साहेबांना इंग्रजीत कसं लिहू म्हणजे नाटक वाटणार नाही?

'व्हेरी', 'टेरिबल', 'अनबेअरेबल' असले शब्द काढून टाका. काय होत नाही ते लिहा, किती वेळ होत नाही ते लिहा, कधीपासून ते लिहा. त्या दिवशी चौकटीला टेकून उभ्या असलेल्या माणसासाठी मी नंतर नवं पत्र लिहून दिलं. त्यात मोजकीच वाक्यं होती: "आय हॅव हॅड बॅक पेन सिन्स जून. आय कॅनॉट स्टँड ॲट द मोल्ड फॉर मोअर दॅन टेन मिनिट्स. आफ्टर सिटिंग, आय नीड हेल्प टू गेट अप. द स्कॅन रिपोर्ट इज अटॅच्ड." त्याने ते मुलीकडून दोनदा वाचून घेतलं आणि खाली मराठीत सही केली.